संमतीपत्रावर सही करण्याआधी

देवरुख,
12 जानेवारी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

गणपतीत हवामानबदलावरचा आणि तुमच्या डोंगरातल्या जंगलतोडीवरचा आपला वाद अर्धवट राहिला. तुला रात्रीची गाडी गाठायची होती आणि माझा आवाज जरा जास्तच चढला होता. आता कानावर आलंय की ठेकेदार तुझ्या चुलतभावांकडे येऊन गेला, डोंगरावरच्या लाकडाचा सौदा जवळजवळ ठरलाय आणि सातबारा सामाईक असल्यामुळे तुझं संमतीपत्र तेवढं राहिलंय. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहितो.

हवामान पूर्वीपासूनच बदलत आलंय, असं तू म्हणालास. बरोबर आहे. हिमयुगं आली आणि गेली. पण त्यांची चाल पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या कलातल्या फरकांनी ठरत होती, आणि हे फरक हजारो वर्षं घेतात. आताचा वेग बघ. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड 280 भाग होता. हवाई बेटांवरच्या मौना लोआवर 1958 साली नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा तो 315 च्या आसपास होता. आज 420 च्या वर आहे.

हा वाढलेला वायू ज्वालामुखींचा असेल, असं तू म्हणालास, तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आता सांगतो. वनस्पती हवेतला हलका कार्बन-12 जास्त घेतात, जड कार्बन-13 कमी. कोळसा आणि तेल म्हणजे गाडले गेलेले प्राचीन जीव, म्हणून त्यांच्यातही हलकाच कार्बन जास्त. ते जाळलं की हवेतला कार्बन-13 चा वाटा घटायला हवा, आणि तो घटतोय. ज्वालामुखीच्या कार्बनमुळे असा घटला नसता. शिवाय हवेतला ऑक्सिजनही किंचित कमी होतोय, आणि तो जाळण्यातच खर्च होतो. सूर्य तापलाय म्हणावं, तर वातावरणाचा वरचा थरही तापायला हवा होता. तो उलट थंड होतोय. यापुढे माणसाचा हात आहे की नाही यावर वाद घालण्यात मला अर्थ वाटत नाही.

‘मग कोळसा बंद करा, माझ्या डोंगराच्या मागे का लागता?’ या तुझ्या प्रश्नात मात्र दम आहे. माणूस वर्षाला सुमारे 40 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो आणि त्यातला बहुतांश कोळसा, तेल आणि वायूचाच. जंगलं आणि माती मिळून साधारण पाव ते तिसरा हिस्सा शोषतात, पाव हिस्सा समुद्र घेतो, उरलेला हवेतच राहतो. झाडं लावून हा हिशेब मिटेल असं जो सांगतो तो फसवतोय. पण उभं जंगल तोडलं की त्याचा वाटा शोषणाऱ्यांतून निघून सोडणाऱ्यांत जमा होतो. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. तुमच्या ऐन-किंजळीचं लाकूड भट्टीत गेलं, की इतक्या वर्षांत साठलेलं काही तासांत हवेत. ते परत साठायला कित्येक दशकं लागतील, आणि नेमकी तीच दशकं आपल्याकडे नाहीत.

राहता राहिला जंगल तोडून त्या जागी लावायचा काजू. ‘तीही झाडंच की’, असं तुझा भाऊ म्हणतो. परवा मुद्दाम दोन्हीकडे जाऊन आलो. तुमच्या डोंगरात ऐनाखालचा पालापाचोळा बाजूला केला तर खालची माती हाताला अजून ओली लागली, काळी, मुळांच्या तंतूंनी विणलेली. गारंबीची वेल तीन झाडांवरून गेलीय. खालचा पऱ्या बारीक का होईना, वाहतोय. पलीकडच्या जमिनीवर जेसीबी फिरवून काजू लावलाय. तिथे दोन पावसाळ्यांत माती धुऊन जांभा उघडा पडलाय आणि बुंध्याभोवतीची आळी तेवढी हिरवी आहेत. सरकारी वन अहवालात मात्र एक हेक्टरहून मोठ्या, दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेल्या कुठल्याही जमिनीला वनाच्छादन म्हणतात, मग ती फळबाग का असेना. म्हणजे उद्या काजू वाढला की कागदावर काहीच गेलेलं नसेल! याचा मला फार राग येतो.

भावांना पैशांची नड आहे हे मला माहीत आहे, ते लोभी नाहीत. म्हणून नुसतं ‘तोडू नका’ सांगायला मी जाणार नाही. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून ते स्वतः बांबू विकू लागले. जंगल शाबूत ठेवून. आपल्या कोकणात जमिनी खासगी, त्यामुळे तोच कायदा इथे तसाच चालणार नाही. पण बेहड्याची फळं औषधांसाठी घेणारे इथे आहेत, आणि जंगल राखायच्या करारावर मालकाला मोबदला देणारी मंडळीही देवरुखात काम करतात. ठेकेदाराइतकी रक्कम एकदम मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

येत्या रविवारी त्या मंडळींपैकी एकाला घेऊन भावांकडे जायचं ठरवलंय. त्याआधी तू भावाला फोन करून एवढंच सांग, की माझी सही शिमग्यापर्यंत मागू नका. आणि शिमग्याला दोन दिवस आधी ये, डोंगरात जाऊ.

काकींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
विनायक