अजून दोन वर्षं

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगायला गेले की आई गप्प होते आणि बाबा विषय बदलतात, म्हणून लिहितेय. प्रयोगशाळेला मी होकार कळवला. अजून दोन वर्षं इथेच. रागवा, पण आधी पूर्ण वाचा. जवळची नोकरी सोडताना मी रडले, हे आईला कळलंच असेल.

बाबा, सुरुवात तुमच्या मांडीतल्या सळईपासूनच झाली ना! टायटॅनियम फार ताठ, ताठपणा मोजायच्या एककात साधारण 110 गिगापास्कल. हाडाचा कठीण थर 10 ते 30. त्यामुळे बराचसा भार धातूच पेलतो आणि काम नसलेलं हाड हळूहळू विरळ होऊ शकतं. घाबरू नका, तुमचा एक्स-रे चांगला आहे, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. टायटॅनियमशी हाडाचं जमतं हे ब्रोनेमार्क या स्वीडिश संशोधकांना 1952 मध्ये सशांवरच्या प्रयोगात दिसलं. आम्ही त्यात हायड्रॉक्सीॲपेटाइट मिसळतोय. हाडातलं खनिज याच जातीचं, म्हणून हाडाने ते लवकर आपलंसं करावं ही आशा.

दोन्ही पावडरी मेण आणि प्लास्टिकमध्ये गरम करून मळायच्या आणि दाबाने साच्यात भरायच्या. तुकडा मुद्दाम मोठा काढतो, कारण भट्टीत तो लांबी-रुंदीला 15 ते 20 टक्के आकसतो. जीव खालीवर होतो तो मेण काढताना. मेण गेलं की उरते जेमतेम धरून राहिलेली पावडर. नख लागलं तरी कोपरा झडतो. मागच्या महिन्यात मी घाईने तापमान चढवलं आणि बाराही तुकडे फोड येऊन फुटले. आता रात्रभर सावकाश तापवते आणि शेजारीच बसते. आई, रात्री फोन उचलत नाही तो यासाठी, दुसरं काही नाही.

पुढचं कोडं अजून सुटलेलं नाही. शेवटच्या भाजणीत उष्णता जास्त झाली की टायटॅनियम ऑक्सिजन ओढून ठिसूळ होतं, हायड्रॉक्सीॲपेटाइटही मोडतं. कमी पडली तर कण नीट सांधत नाहीत. आत्ता कुठे मधली वाट दिसतेय. अशा वेळी दुसऱ्याच्या हाती सोपवून निघवत नाही. हे तुमच्या पायासाठी वेळेवर तयार होणार नाही, तेही ठाऊक आहे. तरी करायचंय.

ते तुकडे उचलताना मला माझा प्लास्टरमधला हात आठवतो. बाबा, तुम्ही रात्री टॉर्च घेऊन माझी बोटं गार पडलीत का ते बघायचात. मी झोपेचं सोंग घ्यायचे, तुम्ही अजून थोडा वेळ बोटं धरून ठेवावीत म्हणून.

माझी काळजी नको. खोलीत ऊन येतं, झोप पुरते, पावडर हाताळताना मास्क आणि हातमोजे असतात.

आता ऐका. न्हाणीघरात धरायला दांडा याच आठवड्यात बसवून घ्या. बाबा, काठी दाराआड नाही, हातात हवी. रात्री उठताना आधी दिवा. आई, भरलेली बादली घेऊन जिना चढायचा नाही, आणि स्वतःच्या गुडघ्याचं दुखणं बाबांच्या पायामागे लपवायचं नाही. मला सगळं कळतं.

पुढच्या एक्स-रेची तारीख लगेच कळवा. त्या आठवड्यात मी भट्टी लावणार नाही, येणार आहे.

तुमची,
चिमी