जुन्या गेमचे सर्व्हर बंद करताना एवढे कराच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन गेमिंगचा २०२५ चा कायदा आल्यापासून वृत्तपत्रांत या विषयावर पुष्कळ लिहून आले, पण ते जवळजवळ सगळे पैसे लावून खेळायच्या खेळांबद्दल. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्या गेमचा ऑनलाइन भाग एका तारखेला बंद झाला, तर ग्राहकाच्या हाती काय उरते, हा प्रश्न त्या चर्चेत कुठेच नाही. तो मांडण्यासाठी हे पत्र.

गेमस्पायचे उदाहरण यात सर्वांत बोलके आहे. ‘क्वेक’ या गेमचे सर्व्हर शोधून देणारा छोटा प्रोग्रॅम म्हणून ही सेवा १९९० च्या दशकात सुरू झाली आणि पुढे शेकडो गेम तिच्यावर विसंबले. २०१२ मध्ये ती ग्लू मोबाइलकडे गेली. एप्रिल २०१४ च्या सुरुवातीला सूचना निघाली आणि ३१ मे २०१४ ही शेवटची तारीख ठरली. दोन महिनेसुद्धा मिळाले नाहीत. त्याच मे महिन्यात गेमस्पायवर विसंबलेल्या ‘हेलो’ या गेमच्या पीसी आवृत्तीसाठी बंजी कंपनीने १.०.१० हा पॅच (प्रोग्रॅममधली दुरुस्ती) काढला आणि तो गेम वाचला. जवळजवळ अकरा वर्षे जुन्या गेमसाठी हे करता आले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

बंद नेमके काय पडते? गेमस्पायसारखी सेवा म्हणजे मास्टर सर्व्हर, चालू सर्व्हरची यादी ठेवणारा. अशा गेममध्ये खेळ मास्टर सर्व्हरवर चालतच नाही. कोणी खेळाडू किंवा क्लॅन (खेळाडूंचा गट) आपला सर्व्हर चालवतो. तो सर्व्हर ठरावीक वेळाने मास्टरच्या यूडीपी २७९०० पोर्टवर ‘मी चालू आहे’ असा संदेश पाठवतो आणि मास्टर त्याचा पत्ता नोंदवून ठेवतो (पोर्ट म्हणजे संगणकाचे क्रमांक दिलेले दार; यूडीपी आणि टीसीपी या संदेश पाठवण्याच्या दोन पद्धती). खेळाडूकडचा गेम टीसीपी २८९०० वर ती यादी मागतो. पुढचे सगळे बोलणे खेळाडू आणि तो सर्व्हर यांच्यात थेट होते. यादीतल्या एका नोंदीला आयपी पत्त्याचे ४ आणि पोर्टचे २, असे ६ बाइट पुरतात; हजार सर्व्हरची यादी ६ केबीच्या आसपास भरते, इतके हे काम हलके. सोसायटीच्या फाटकावरची नोंदवही हरवावी आणि कोणाला कोणाचे घर सापडू नये, तसा हा प्रकार आहे. घरे जागेवरच असतात.

१९९९ चा ‘अनरियल टूर्नामेंट’ आजही खेळता येतो, त्याचे एक मोठे कारण अगदी साधे आहे. मास्टरचा पत्ता प्रोग्रॅमच्या पोटात नाही, सिस्टिम फोल्डरमधल्या आयएनआय फाइलमध्ये (सेटिंग्ज ठेवणाऱ्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये) आहे. गेम पूर्ण बंद करून ही फाइल नोटपॅडमध्ये उघडायची (गेम चालू असेल तर बाहेर पडताना तो जुन्या नोंदी पुन्हा लिहून टाकतो). मास्टरसर्व्हरॲड्रेस (MasterServerAddress) हा शब्द शोधून गेमस्पायच्या पत्त्याजागी ३३३नेटवर्क्ससारख्या चाहत्यांनी चालवलेल्या मास्टरचा पत्ता घालायचा, पोर्ट तेच ठेवायचे. सर्व्हर चालवणाऱ्याने अपलिंकच्या (मास्टरकडे नोंद पाठवण्याच्या) भागातही हाच बदल करायचा आणि तिथे डूअपलिंक (DoUplink) ‘ट्रू’ (True) आहे ना ते पाहायचे. पहिला बदल होतो, दुसरा राहून जातो, आणि मग सर्व्हर चालू असूनही यादीत येत नाही. तेही बरोबर असेल तर राउटर तपासावा. खेळ यूडीपी ७७७७ वर चालतो, पण चौकशीला उत्तर ७७७८ वरून जाते. दोन्ही पोर्ट उघडे हवेत.

‘बॅटलफील्ड २’मध्ये एवढ्याने भागत नाही. तिथे आधी लॉगिन, मग यादी, शिवाय हुद्दे आणि आकडेवारी वेगळ्या सर्व्हरवर. चाहत्यांनी ही सगळी यंत्रणा नव्याने उभी केली. त्यातल्या रिव्हाइव्ह नेटवर्कला २०१७ मध्ये गेमची मालक कंपनी ईएने गेमच्या प्रती वाटणे थांबवायला सांगितले. असे काम करणाऱ्यांनी यातून घ्यायचा धडा एवढाच, की फक्त पॅच द्यावा, गेम ज्याचा त्याने विकत घेतलेला असावा.

यादीचा नाद सोडून मित्रांनी थेट आयपीवरून जोडून घ्यावे, हा सोपा मार्ग आपल्याकडे बहुधा अडतो. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटकडचा पत्ता) १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला दिसला, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला आहे. मग राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. कंपनीकडून स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता) मागून घ्यावा, नाहीतर झीरोटियरसारखे आभासी लॅन (दूरचे संगणक एकाच घरच्या जाळ्यात असल्यासारखे जोडणारे साधन) वापरावे. लॅनवर गेम एकमेकांना ब्रॉडकास्टने, म्हणजे जाळ्यातल्या सगळ्यांना एकदम हाक मारून, शोधतात, म्हणून ब्रॉडकास्ट वाहून नेणारेच साधन निवडावे. टेलस्केल हे अशाच कामाचे दुसरे साधन ते नेत नाही. तरीही गेम दिसत नसेल तर कारण बहुतेक वेळा दोनांपैकी एक असते. विंडोजने त्या आभासी जोडणीला ‘पब्लिक’ मानून फायरवॉल लावलेली असते, किंवा गेम वायफायच्या ॲडॉप्टरवर हाका मारत बसलेला असतो. पहिल्यासाठी जोडणी ‘प्रायव्हेट’ करावी, दुसऱ्यासाठी आभासी ॲडॉप्टरचा मेट्रिक (विंडोज कोणती जोडणी आधी वापरते ते ठरवणारा आकडा) वायफायपेक्षा कमी ठेवावा. डॉसच्या काळातल्या आयपीएक्स या जुन्या नेटवर्क पद्धतीवर चालणाऱ्या गेमना डॉसबॉक्समध्ये (जुने डॉस गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आयपीएक्सची सोय आहे. ती कॉन्फिग फाइलमध्ये चालू करावी लागते.

हे सगळे खेळाडूंनी आपल्या वेळेतून करायचे, आणि तेही कायद्याची धास्ती बाळगून. वास्तविक आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२(१)(एबी) प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला, स्वतंत्रपणे लिहिलेला दुसरा प्रोग्रॅम त्याच्याशी जुळवून घेण्यापुरती माहिती काढायची मुभा देते, ती माहिती अन्यथा सहज मिळत नसेल तर. चाहत्यांचा मास्टर सर्व्हर हा नेमका असाच दुसरा प्रोग्रॅम आहे. हे कलम इथल्या फार थोड्या प्रोग्रॅमरना माहीत असावे, याची खंत वाटते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्येही कलम २(४६) आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार देणारी अट त्यात अन्याय्य कराराच्या व्याख्येत बसते. पण अशी तक्रार जिल्हा आयोगापुढे नेता येत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. हजार-पंधराशे रुपयांच्या गेमसाठी लातूरचा किंवा सावंतवाडीचा मुलगा तिथवर कसा जाणार? युरोपात २०२४ मध्ये ‘द क्रू’ हा गेम बंद झाल्यानंतर अशा बंदीविरुद्ध सुरू झालेल्या मोहिमेला १० लाखांहून अधिक सह्या मिळाल्या. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, ग्राहकाला फक्त परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय डिजिटल वस्तूवर ‘खरेदी करा’ असे लिहिता येत नाही. आपल्याकडे निदान एवढा नियम करायला अडचण नसावी.

कंपनीने सर्व्हर कायम चालवावेत, असे कोणी म्हणत नाही. ज्या गेममध्ये जगाचा मोठा भाग कंपनीच्याच सर्व्हरवर घडतो, तिथे काम जास्त आहे हेही मान्य. त्याचा विचार गेम बनवतानाच करावा लागेल. पण साध्या गेमसाठी शेवटचा एक पॅच पुरतो. मास्टरचा पत्ता आयएनआय फाइलमध्ये आणावा, आयपी टाकून थेट जोडायची चौकट द्यावी, लॉगिन आणि सीडी-कीची (प्रतीबरोबर मिळणाऱ्या क्रमांकाची) तपासणी काढावी, सर्व्हरचा प्रोग्रॅम डाउनलोडसाठी खुला करावा. सूचना निदान सहा महिने आधी द्यावी आणि हा पॅच त्या सहा महिन्यांत आला पाहिजे, कारण सेवा बंद झाल्यावर तो लिहिणारे लोक दुसऱ्या कामाला लागलेले असतात. ऑनलाइन गेमिंगचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय मंत्रालयाने पैसे लावायच्या खेळांबरोबर याचीही दखल घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे