सिडनीहून, ती. आई-बाबांस

ती. आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. इथे थंडी सुरू झाली, पण हीटर आहे, रजई आहे, वहिनीनं दिलेलं मेतकूट अजून शिल्लक आहे. आई, तुला फोनवर पटत नाही म्हणून लेखी देते: मी समुद्रात उतरत नाही आणि उतरणारही नाही. त्या फोटोतला काळ्या रबरी कपड्यातला माणूस म्हणजे आमचे घरमालक. मी शेजारी स्वेटर घालून, चहाचा कप धरून उभी आहे. मोठा करून बघ. आणि सोबत त्यांची बायकोही होती, हेही दादाला सांग. त्याला सगळ्यात वाकडंच दिसतं.

आता तो माणूस असा का नटला होता, ते सांगते. ते कळलं की इथले लोक निम्मे कळले. इकडे रविवार म्हणजे झोपायचा दिवस नव्हे. साठी उलटलेली, नातवंडं असलेली माणसं पहाटे अंधारात उठतात, स्वतःच्या खर्चानं होडीत डिझेल भरतात, हवेच्या जड टाक्या पाठीला बांधतात आणि खोल पाण्यात बुडालेली जहाजं बघायला जातात. आणायचं काही नसतं, नुसतं बघायचं. पन्नासेक मीटर खाली गेलं तर तळाशी जेमतेम वीस मिनिटं मिळतात. मग वर येताना दोराला धरून ठरावीक खोलीवर थांबत थांबत यायचं, नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो. म्हणजे वीस मिनिटांच्या बघण्यासाठी तास-दीड तास थंड पाण्यात लोंबकळायचं. वर आल्यावर ओलेत्यानंच सँडविच खायचं आणि ‘पाणी आज गढूळ होतं’ असं खुशीत म्हणायचं. याला पगार नाही, बक्षीस नाही. मी घरमालकांना विचारलं, मिळतं काय? त्यांना प्रश्नच कळला नाही.

पण बाबा, अशाच सात हौशी लोकांनी 2006 साली एक पाणबुडी शोधली, जी नौदलाला चौसष्ट वर्षं सापडली नव्हती. तुम्हाला सांगायची होती ती ही गोष्ट. दादानं फोन ओढून घेतला आणि ती राहून गेली.

31 मे 1942 ची रात्र. जपानच्या तीन मोठ्या पाणबुड्यांनी सिडनीबाहेर समुद्रात तीन बुटक्या पाणबुड्या सोडल्या. एकेक चोवीस मीटर लांब, आत दोनच माणसं, पुढे दोन टॉर्पेडो, सगळं बॅटरीवर. तुम्ही ‘शाल्की’ पाणबुडीच्या पोटात वाकून वेल्डिंग करायचात आणि घरी आल्यावर पाठ धरायचात. ती चौसष्ट मीटरची होती. आता यांचा अंदाज करा.

बंदराच्या तोंडाशी जाळं लावलेलं होतं, पण काम अर्धवट, दोन्ही टोकांना वाट मोकळी. पहिली पाणबुडी तरीही जाळ्यातच अडकली. एका रखवालदारानं काहीतरी हलतंय म्हणून वल्हवत जाऊन पाहिलं आणि कळवलं, पण वरच्यांना पटून हालचाल व्हायला बराच वेळ गेला. तेवढ्यात आतल्या दोघांनी सुरुंग लावून स्वतःसकट ती उडवून दिली. दुसरी टेलर्स बे नावाच्या खाडीत गाठली गेली, तिच्यावर पाण्यात स्फोटकांचा मारा झाला आणि आतल्या दोघांनी स्वतःवर गोळ्या झाडून घेतल्या.

तिसरी मात्र आत शिरली. मध्यरात्र उलटल्यावर तिनं अमेरिकेच्या ‘शिकागो’ या युद्धनौकेवर दोन्ही टॉर्पेडो सोडले. दोन्ही चुकले. एक गार्डन आयलंडच्या किनाऱ्यावर न फुटता जाऊन पडला, दुसरा ‘कुट्टाबुल’च्या खालून जाऊन धक्क्याच्या भिंतीवर फुटला. कुट्टाबुल म्हणजे आपल्या मोरा बंदराच्या लाँचची थोरली बहीण समजा: जुनी प्रवासी फेरीबोट, युद्धात खलाशांना झोपायला दिलेली. झोपेतच एकवीस जण गेले. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्या रात्री बंदरातल्या बाकीच्या फेऱ्या चालूच ठेवल्या होत्या. तुम्ही पावसाळ्यात भाऊच्या धक्क्याहून शेवटच्या लाँचनं यायचात तेव्हा आई दारात कशी उभी असायची, ते मला इथल्या फेरीत बसलं की हमखास आठवतं.

ती तिसरी पाणबुडी बंदराबाहेर पडली आणि नाहीशी झाली. तिच्यातले दोघे बान आणि आशिबे. मोठ्या पाणबुड्या दक्षिणेला पोर्ट हॅकिंगजवळ 3 जूनपर्यंत वाट बघत राहिल्या. कोणीच आलं नाही. पुढे शोधणारेही बरेचसे दक्षिणेलाच शोधत राहिले. सापडली ती उत्तरेला, बंगन हेडपासून पाचेक किलोमीटर समुद्रात, साधारण 55 मीटर खोल. काही म्हणतात, पाठलाग मोठ्या पाणबुड्यांपर्यंत पोचू नये म्हणून ते मुद्दाम उलटे गेले. मला हे खरं वाटतं, पण पुरावा नाही. तिला कोणी उघडलेलं नाही, दोघे आतच असावेत असं धरून चालतात. आता तिथे पाण्यात उतरायला बंदी आहे. स्मृतिदिनाच्या निमित्तानं क्वचित चिठ्ठ्या टाकून काही जणांना परवानगी मिळते. घरमालकांची चिठ्ठी निघाली नाही, आणि हे दुःख ते भेटेल त्याला सांगतात.

पहिल्या दोन पाणबुड्यांतल्या चौघांना इथल्या नौदलानं लष्करी इतमामात निरोप दिला, शवपेट्यांवर जपानचा झेंडा घालून. भर युद्धात! लोक भडकले होते म्हणे. अस्थी त्याच वर्षी जहाजानं जपानला पोचवल्या. आणि त्या दोन्ही पाणबुड्यांचे धड राहिलेले भाग जोडून एक केली, गावोगाव फिरवून निधी जमवला आणि मग कॅनबेराच्या युद्धस्मारकात ठेवली. बाबा, तुम्ही आलात की तो सांधा तुम्हाला दाखवायचाय.

टेलर्स बेला मी चालत जाऊन आले. झाडी, शांत पाणी, कुत्री फिरवणारी माणसं. तिथे मेलेल्या मात्सुओची आई 1968 मध्ये, ऐंशीच्या पुढची, जपानहून आली होती. तिनं त्या पाण्यात चेरीची फुलं सोडली. आई, हे वाचून तू लगेच माझ्यावर घसरू नकोस. मी काही युद्धावर आलेले नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, आणि दर रविवारी व्हिडिओवर दिसते.

बाकी काय. माझं कंत्राट दोन वर्षांनी वाढवलं. आनंदाची बातमी आहे, तशीच घ्या. त्यामुळे गणपतीत येणं जमणार नाही, दिवाळीचं बघते, नक्की धरू नका. बाबांच्या गुडघ्याचे पैसे पाठवलेत, ते मोडून दादाच्या गाडीत घालायचे नाहीत. ऑपरेशनच्या वेळी मी नव्हते हे वहिनी बोलून दाखवते, ते ऐकलं. तिचं खरं आहे, तिनंच केलं सगळं, म्हणून तिच्यासाठी वेगळी रक्कम आहे. तिच्याच हातात द्या. वाड्याच्या कौलांचं काकांना निम्मं मागा, सगळं आपणच का?

मामानं पेणचं स्थळ आणलंय ते नको म्हणून कळवा. कारण विचारलं तर सांगा की मुलीनं इथे एक बघितलाय. नागपूरचा आहे, माझ्याच लॅबमध्ये, एकदा लग्न मोडलेलं आहे, मूल नाही. त्याच्या आईला माझ्याबद्दल माहीत आहे, म्हणून तुम्हालाही आधीच सांगायला हवं होतं, पण फोनवर दादा असतो. रविवारी तो नागपूरचा मुलगा पाच मिनिटं बोलेल. आई, कृपा करून पहिल्याच वाक्यात पगार विचारू नकोस. बाबा, तुम्ही विचारलंत तरी चालेल, त्याला तुमच्याशी पाणबुडीबद्दल बोलायचंय.

पैसे आज-उद्या जमा होतील. पासबुक भरून आणा आणि दादाला मेसेज करायला सांगा.

तुमची,
शमा