आजी रविवारीच घरी का आली

चि. दादू,

अनेक आशीर्वाद.

फोनवर तू चिडलास ते बरोबरच होतं. पण तेव्हा माझ्या एका हातात उलथनं होतं आणि आजी आतून "घाटल्यात वेलची घातलीस का" विचारत होती, म्हणून धड काही सांगता आलं नाही. "सोमवारी मी येतो, मग आणू" असं ठरलेलं असताना आजीला दवाखान्यातून रविवारीच का आणलं, हा तुझा प्रश्न. बाबा म्हणतात, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. खरं कारण वेगळंच आहे आणि ते मी अजून बाबांनाही सांगितलेलं नाही.

रविवारी गौरी आवाहन. आपल्या खड्यांच्या गौरी. घाटावरून सात खडे उचलायचे आणि घरी येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. दरवर्षी आजी बरोबर असते आणि वाटेत भेटेल त्याच्याशी नुसत्या भुवयांनी बोलते. यंदा मी एकटी. कोयनेतून पाणी सोडलेलं, खालच्या पायऱ्या बुडालेल्या. वरच्याच पायरीवर बसून पाण्यात चाचपत होते. चार खडे मिळाले, पाचवा म्हणून हाताला लागला तो कुणाच्या तरी बाथरूमच्या टाइलचा तुकडा. तेवढ्यात पिशवीतला फोन वाजला. बाबांचा. दवाखान्यातून सकाळी साडेसातला फोन आला तर न उचलून कसं चालेल?

"अगं, राउंड झाला. जखम कोरडी आहे, ताप नाही, आजच न्या म्हणतायत. आणू ना?"

मी "हं?" केलं. म्हणजे, काय? आज? बाबांना तो होकार वाटला. "बरं, मग कागद करायला सांगतो." मी घाईघाईने "हं हं हं" केलं, म्हणजे नको, थांबा जरा. ते म्हणाले, "हो हो, कळलं, लवकर उरकतो," आणि फोन ठेवला. मेसेज करावा तर हात ओले आणि चष्मा घरी.

घरी येऊन, गौरी मांडून, तोंड उघडेपर्यंत पावणेनऊ झाले. तोवर फाइल खाली गेली होती आणि आजीने वॉर्डातल्या सगळ्यांना "माझी गौर आज घरी येतेय, मीही चालले" असं सांगून टाकलं होतं. आता तिला कोण नाही म्हणणार?

घरात काहीच तयार नव्हतं. मावशींच्या घरीही गौरी, त्या येणार नाहीत हे आधीच ठरलेलं. नैवेद्याची शेपू निवडायची होती, भाकरी व्हायच्या होत्या, सोमवारच्या घावनांचे तांदूळ भिजायचे होते. आणि आजीचा दिवाण! खुब्याचा गोळा बदललेल्या माणसाला बुटक्या जागी बसवायचं नाही, मांडी नाही, उकिडवं नाही, पायावर पाय नाही, हे फिजिओथेरपीवाल्या मुलीने मला तीनदा बजावलं होतं. आपला दिवाण माझ्या गुडघ्यापेक्षाही खाली. शेवटी मंडळाच्या मांडवातून दोन पोरं धरून आणली. त्यांनी स्टेजखालचे लाकडी ठोकळे काढून दिवाणाच्या पायांखाली सरकवले. (स्टेज त्यानंतर जरा कललंय असं बाबांचं म्हणणं. मला तरी दिसत नाही.) कमोडची खुर्ची भाड्याने आणली. बाथरूमच्या वाटेवरचं पायपुसणं आणि तुझ्या टेबल फॅनची वायर उचलली. आजी पडली ती पायपुसण्यावरूनच, हे तुला माहीतच आहे.

तिकडे बाबा काउंटरपुढे बसलेले. विमा कंपनीने डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असा २०२४ पासून नियम आहे. बाबांनी तो वाचलेला, त्यामुळे ते घड्याळ लावूनच बसले होते. पण ते तीन तास मोजायचे दवाखान्याचा अर्ज कंपनीकडे पोचल्यापासून. आणि अर्ज कधी जाणार? उरलेली इंजेक्शनं औषधाच्या दुकानात परत करायची, त्याची पावती वर न्यायची, मग डिस्चार्जची समरी टाइप होणार, मग शेवटचं बिल. रविवारी हे सगळं करायला एकच मुलगा आणि तोही जेवायला गेलेला. साडेबाराला अर्ज गेला, सव्वातीनला मंजुरी आली. म्हणजे नियमाप्रमाणे अगदी वेळेत! बाबांना भांडायलाही जागा उरली नाही. हातमोजे, कापूस असलं किरकोळ धरून नऊशे काही रुपये आपल्याला भरावे लागले. त्यावर ते भांडले.

मी मधल्या वेळात तव्यावर भाकरी आणि कानाला फोन. "रक्तातल्या सोडियमचा रिपोर्ट घेतलात का? रक्त पातळ करायचं इंजेक्शन किती दिवस, ते लिहून घेतलंत का? टाके कधी?" एक भाकरी करपली. ती मी खाल्ली.

खरी मजा पुढे झाली. रविवार पाचवा दिवस, म्हणजे सांगली संस्थानच्या गणपतीचं विसर्जन. मिरजेहून विश्रामबागेपर्यंत अँब्युलन्स सुरळीत आली आणि गावाजवळ आल्यावर सगळे रस्ते बंद. ड्रायव्हरने दोन बोळ पालथे घातले आणि आपल्या कोपऱ्यावर हात टेकले. बाबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. आजी मात्र काचेतून ढोल ऐकत हात जोडून निवांत. पुन्हा मंडळाचीच पोरं धावली. मांडवातली हात असलेली प्लॅस्टिकची खुर्ची आणली, चौघांनी तिला दारापर्यंत उचलून आणलं. वाटेत एकाने "गणपती बाप्पा" म्हटलं तर ही बाई "मोरया" ओरडली. पाच दिवसांपूर्वी ऑपरेशन झालेली!

पण उंबरठा तिने स्वतः ओलांडला. "चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी," असं पुटपुटत वॉकर उचलून आत टेकवला. शेजारच्या काकू दारात होत्या. त्यांनी सवयीने विचारलं, "गौर आली?"

"आली."

"कशाच्या पावलांनी?"

"अ‍ॅल्युमिनियमच्या!" आजी म्हणाली, आणि बाबा तोंड फिरवून चपला सरळ करायला लागले. सकाळी मी काढलेल्या रांगोळीच्या पावलांवर वॉकरच्या रबराचे चार गोल उमटले होते. सोमवारी ते पुसायला माझा हात झाला नाही.

रात्र मात्र वाईट गेली. दोनला उठून ती मला म्हणाली, "सिस्टर, मला घरी कधी सोडणार?" दिवा लावला, देवघर दाखवलं, तेव्हा ओळखलं. डॉक्टर म्हणाले, या वयात ऑपरेशननंतर असं होतं, दिवसा जागं ठेवा, चष्मा लावा, ओळखीची माणसं समोर असू द्या. सोडियम पुन्हा तपासलं, ठीक आहे. काल रात्री झोपली.

आता तुझं. या शनिवारी येऊ नकोस. रागावू नकोस, ऐक. सध्या घरात माणसांची जत्रा आहे. काका-काकू आहेत, बाबा रजेवर आहेत, सकाळ-संध्याकाळ कुणी ना कुणी शहाळं घेऊन येतं आणि मला चहा करावा लागतो. तू आलास तर आणखी एक गादी घालावी लागेल, एवढंच. बाबांची रजा १२ तारखेला संपते. टाके निघालेले असतील, काका गेलेले असतील, शहाळी थांबलेली असतील आणि आजीला कंटाळा आलेला असेल. चालायचा आळस तेव्हाच येतो. तेव्हा ये, आठवडाभर घरून काम कर, आणि सकाळ-संध्याकाळ तिला अंगणापर्यंत चालव. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकते. दुपारी मला दोन तास झोपू दे.

येताना मोठ्या अक्षरांचं घड्याळ आण, रात्री दिसेल असं. वॉकरच्या रबरी टोप्यांचा एक जादा जोडही.

आणि ते "हं"चं आजीला सांगू नकोस. घरात आल्या आल्या पहिला प्रश्न तिने तोच केला होता, "वाटेत बोलली नाहीस ना?" मी मान हलवली. कुठल्या दिशेने, ते तिने चष्मा नसल्यामुळे पाहिलं नाही.

तुझी
आई