निनाद, गाडी तू चालवणार आहेस म्हणून

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेले की तू नुसतं "हो गं आई" म्हणतोस आणि माझं अर्धं तसंच राहतं, म्हणून लिहितेय. मृण्मयी नाशिकहून कन्याकुमारीपर्यंत सायकलने जाणार आणि तू कॅरव्हॅन घेऊन सोबत, हे कळल्यावर मावशीचा पहिला प्रश्न काय, तर "मग निनाद काय करणार?" मी म्हटलं, सतराशे किलोमीटर गाडी चालवणार, स्वयंपाक करणार, पंक्चर काढणार. तिला काही ते पटलं नाही.

बाबा याच रस्त्याने गेले आणि मी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर चालवली, तेव्हा मला हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. बायको डबा घेऊन मागे असणारच, हे सगळ्यांनी धरून चाललेलं. ढाब्यावर लोक बाबांसोबत फोटो काढायचे आणि मोबाइल माझ्या हातात द्यायचे! मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. तुझ्या बाबतीत उलटं होईल. तुला लोक हसतील, नाहीतर उगाच डोक्यावर घेतील. दोन्हीकडे लक्ष देऊ नकोस.

खरं तर नाशिककरांना तरी हे सांगावं लागू नये. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी 2015 साली रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका पूर्ण केली, तेव्हा अख्ख्या गावाला केवढा अभिमान वाटला होता. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जवळजवळ 4,800 किलोमीटर. त्या शर्यतीत रात्री सायकलस्वाराने मागच्या गाडीच्या दिव्यांच्या उजेडातच राहायचं, असा नियम आहे. गाडी नसेल तर पेडल मारायचं नाही. पण त्या गाड्या कोण चालवत होतं, हे गावात कोणाला विचारून बघ.

तुमची मात्र शर्यत नाही, म्हणून तिच्या मागे मागे राहू नकोस. हायवेवर एवढी मोठी गाडी सायकलच्या वेगाने रेंगाळली की मागचे ट्रकवाले वैतागतात आणि भलतीकडून ओव्हरटेक करतात. त्यात तिलाच धोका. पंधरा-वीस किलोमीटर पुढे जा, तिला लांबून दिसेल अशा जागी डाव्या हाताला, रस्ता पूर्ण सोडून उभा राहा. उड्डाणपुलाच्या तोंडाशी तर अजिबात नको; ती पुलावरून जाईल आणि तू खाली सर्व्हिस रोडला वाट बघत बसशील. थांबायला शक्यतो पेट्रोल पंप बघ. आणि ती यायच्या आधी तिथल्या बायकांच्या संडासाची चौकशी तू कर. कडी आहे का, पाणी आहे का, किल्ली कोणाकडे आहे. बाबांना यातलं काही लागलं नाही, मला लागलं. बाटली तोंडाला न लावता मी कितीतरी किलोमीटर गाडी चालवलीय. ती सायकलवर आहे, तिने पाणी टाळलं तर भर उन्हात चक्कर येईल.

घाटांचं बघ. संगमनेर सोडलं की चंदनापुरी, तो जमून जाईल. पुण्याबाहेर पडताना तिला जुन्या कात्रज घाटाने जाऊ दे, तू नव्या बोगद्याने जा आणि खेड शिवापूरला भेटा. खंबाटकीला मात्र जपून. आम्ही गेलो तेव्हा साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाटातून आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून होती, म्हणजे तू वर निघून गेलास की उलटं वळता येणार नाही, बोगद्यातून सगळा फेरा मारून परत यावं लागेल. तिला आधी चढू दे, बऱ्यापैकी वर गेली की मग निघ.

पंक्चर खिळ्यांनी कमी होतात. ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात, त्या घुसतात. ट्यूब बदलली आणि तार आतच राहिली की दहा मिनिटांत पुन्हा हवा जाते. बोटाने चाचपलं तर तार लागत नाही, लागली तर टोचते. कापसाचा बोळा टायरच्या आतून सावकाश फिरवायचा. जिथे तंतू अडकतील तिथे तार. मग भुवयांच्या चिमट्याने ओढून काढायची. चिमटा मी देतेय, घरी परत आला पाहिजे.

खाणं भूक लागायच्या आधी. ती नको म्हणेल तरी दर थांब्याला हातात काहीतरी दे. तूप-गुळाची पोळी गुंडाळून, केळं, चिक्की, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर गोड नकोसं होतं, तेव्हा चिवडा आणि दहीभात. रात्री मेतकूट-भात, डोळे मिटत असले तरी खाल्ला जातो. आणि तू स्वतः वेळेवर जेव. मला हेच जमायचं नाही, ते येईपर्यंत मी उपाशी, आणि मग दोघांची चिडचिड.

आता मुख्य. चढावर तिच्या बाजूला गाडी नेऊन काच खाली करायची आणि "बसतेस का आत?" हे विचारायचं नाही. तू प्रेमानेच विचारशील. पण जी दम लागून चढतेय तिच्या कानाशी सतत एक दार उघडं ठेवणं बरोबर नाही. निघायच्या आधी बसून ठरवा. गाडीत बसायचं ती म्हणेल तेव्हाच. तू बोलायचं दोनच वेळा: अंधार पडला तर, आणि ती असंबद्ध बोलायला लागली किंवा तिचा घाम थांबला तर. तेव्हा मग तिने वाद घालायचा नाही. आम्ही हे नाशिकमध्येच ठरवलं होतं, म्हणून चित्रदुर्गाच्या अलीकडे बाबा माझं ऐकून मुकाट गाडीत आले. चेहरा फुगवून, पण आले.

बंगळुरूच्या पुढे रस्ता चांगला, पण धर्मपुरी आणि सेलमच्या मधला तोप्पूरचा उतार वाईट आहे. तिथे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन अपघात होतात. तेवढा एक उतार सायकल गाडीत घाला, हे मी आधीच मृण्मयीशी बोललेय आणि तिला मान्य आहे. शेवटी मुप्पंदलच्या पवनचक्क्या दिसतील. पवनचक्क्या म्हणजे वारा आलाच, तेव्हा त्या दिवशी अंतर कमी धरा. पावसाचं म्हणशील तर तामिळनाडूत ऑक्टोबर ते डिसेंबर पाऊस असतो, म्हणून जानेवारी ठरवलात ते छान केलंत.

रात्री पंपावर उभे राहणार असाल तर मॅनेजरला आधी विचारा. ढाब्यावर राहायचं तर तिथेच जेवा, म्हणजे कोणी उठवत नाही. झोपायच्या आधी गाडीच्या फरशीवर ताटलीत थोडं पाणी ओतून बघ, गाडी कुठे कलते ते कळतं. डोकं उताराकडे करून झोपलात तर सकाळी डोकं धरतं. गॅसचा नॉब बंद, सिलिंडरही बंद, आणि थंडी वाजली तरी खिडकी थोडी उघडी.

आणि रोजचा हिशेब दोघांचा लिही. तिचे किलोमीटर आणि तुझेही, एकाच वहीत. बाबांच्या वहीत फक्त त्यांचे आहेत.

शनिवारी येताना सायकलचं पुढचं चाक काढून आणा, जिन्यात तिसऱ्या मजल्यावरच्यांनी कपाट ठेवलंय. मृण्मयीला रामकुंडावरूनच निघायचंय ना? मग पहाटे पाचला निघा, नंतर पंचवटीत गाडी हलत नाही. मावशी निरोप द्यायला येणार आहे. तिला मी तुझ्याच गाडीत सिन्नरपर्यंत बसवणार आहे, परत आणायला बाबा येतील.

तुझी,
आई