माझ्याकडचा १७ सी (बूथवरच्या मतांच्या हिशेबाचा फॉर्म) अजून कुणी मागितलेला नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

शशिकांत शिंदे जुलै २०२५ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाल्याची बातमी तुमच्या अंकात वाचली. जयंत पाटील सात वर्षांनी पायउतार झाले, मुंबईतल्या बैठकीला कोण होतं, कोण नाराज आहे, कुणाचा गट वरचढ ठरला, सगळं सविस्तर. २०२४च्या विधानसभेला ८६ जागा लढवून १० का आल्या, यावर मात्र एक ओळ नाही. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातला. विधानसभेला आमच्याकडच्या आठही जागा महायुतीकडे गेल्या. कराड दक्षिणेत पृथ्वीराज चव्हाण पडले, कराड उत्तरेत बाळासाहेब पाटील पडले, कोरेगावात खुद्द शिंदे पडले. २० नोव्हेंबरला मी यांच्यापैकी नव्हे, पण अशाच एका पराभूत उमेदवाराचा पोलिंग एजंट होतो. उमेदवार आणि पक्ष लिहीत नाही, गावात राहायचं आहे.

पहाटे साडेपाचला मॉक पोलपासून (यंत्र तपासायचं चाचणी मतदान) मी बूथवर. दर दोन तासांनी किती मतदान झालं ते विचारून यादीच्या मागच्या कोऱ्या पानावर टिपत गेलो. संध्याकाळी सहाला फाटक लावलं तेव्हा शाळेच्या आवारात पन्नासेक माणसं रांगेत होती. केंद्राध्यक्षांनी रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढे चिठ्ठ्या वाटत आणल्या, म्हणजे मागून कुणी घुसायला नको. शेवटचं मत पडायला सात वाजून गेले. मग यंत्र बंद केलं, सील लावलं, आमच्या सह्या झाल्या आणि १७ सीची प्रत माझ्या हातात आली. यादीत मतदार किती, रजिस्टरात नोंद किती, यंत्रात मतं किती, कंट्रोल युनिटचा नंबर कोणता, सगळं त्या एका कागदावर असतं. खाली केंद्राध्यक्षांची सही.

निकालानंतर राज्यभर एकच विषय सुरू झाला. पाच वाजता ५८.२२ टक्के असलेलं मतदान शेवटी ६६.०५ टक्के कसं झालं? आयोगाकडे निवेदनं गेली, पत्रकार परिषदा झाल्या. मला वाटलं, आता आपला कागद कामाला येणार. माझ्याकडे पाचचा आकडा होता आणि शेवटचाही होता. निकालाच्या तिसऱ्या दिवशी दोन्ही कागद घेऊन पक्षाच्या तालुका कार्यालयात गेलो. टेबलामागच्या माणसाने फॉर्म हातात घेतला, वाचला नाही, खाली ठेवला आणि त्यावर चहाचा कप ठेवला. म्हणाला, "निकाल लागला, आता ह्याचं काय करायचं?" मी कप उचलून फॉर्म परत घेतला. केंद्राध्यक्षांच्या सहीशेजारी तो गोल डाग अजून आहे.

वाढीव मतदान खरं की खोटं, याचा निवाडा मी करत नाही. सहानंतर रांगेतल्यांचं मतदान कसं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे चोरीच झाली असंही मी म्हणणार नाही. पण एक लाखाहून जास्त मतदान केंद्रं होती. जिथे आपला माणूस बसला होता तिथला कागद गोळा करायचा, बेरीज करायची आणि जाहीर झालेल्या आकड्यांशी ताडून बघायची. जुळलं तर आपण का हरलो ते दुसरीकडे शोधायचं, नाही जुळलं तर कागदासकट कोर्टात जायचं. हे काम मुंबईत बसून होत नाही. त्यासाठी आमच्यासारख्यांच्या दारात यावं लागतं. माझ्या दारात आजपर्यंत कुणी आलेलं नाही.

काँग्रेसने १६ जागांवर आल्यानंतर ८२ दिवसांनी नाना पटोलेंच्या जागी हर्षवर्धन सपकाळांना आणलं. राष्ट्रवादीला जवळपास आठ महिने लागले. इतका वेळ घेतला याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मात्र त्या वेळात बूथवरच्या माणसाला गाठून "तुझ्या बूथवर काय झालं" एवढं तरी विचारायला हवं होतं. लोकसभेला महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा देणारी माणसं पाच महिन्यांत का फिरली, हे ज्या गावांत घडलं तिथेच कळणार.

शिंदेंकडून मला आशा आहे, ती का तेही सांगतो. लोकसभेला ते साताऱ्यातून बत्तीस हजारांच्या आसपास मतांनी पडले आणि त्यांच्या 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हासारख्या वाटणाऱ्या पिपाणी चिन्हावरच्या अपक्षाला सदतीस हजार मतं गेली. माझी मावशी त्या दिवशी मत देऊन घरी आली आणि म्हणाली, "वाजवणारा माणूस काय दिसला नाही बाबा, पण तुतारीसारखं चित्र होतं, ते दाबलं." दोन दिवसांनी तिला कुणीतरी समजावलं तेव्हा ती रडली. ज्यांचा पराभव अशा एकेका बटणावर झाला, त्यांना बूथवर काय घडतं ते दुसऱ्या कुणी सांगायला नको. माथाडी कामगारांमध्ये काम केलेला माणूस आहे. त्यांनी सत्कार आणि फ्लेक्स थोडे बाजूला ठेवून आधी बूथ एजंटांची यादी मागवावी. पुढच्या कुठल्याही निवडणुकीत बूथवर बसायला पुन्हा आम्हीच लागणार आहोत.

आता तुमच्याबद्दलही लिहितो, राग मानू नका. २०२४च्या डिसेंबरात मी याच विषयावर पत्र पाठवलं होतं. तुम्ही छापलंत, त्याबद्दल आभार. पण १७ सीचा सगळा परिच्छेद काढून टाकलात आणि "पक्षाने आत्मपरीक्षण करावे" एवढंच ठेवलंत. ते वाक्य कुणीही लिहील. मी लिहिलं होतं ते माझ्या कपाटातल्या कागदाबद्दल. या वेळी जागा कमी पडली तर दुसरं काहीही कापा, तो परिच्छेद राहू द्या.

फॉर्म आणि यादीचं ते पान मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलंय. ज्या पक्षाला ते तपासायचं असेल त्यांनी तुमच्यामार्फत कळवावं. एसटीने येऊन स्वतः आणून देईन.

आपला,
एक पोलिंग एजंट, जि. सातारा