कोटेशनमध्ये जुन्या संगणकाचे निदानही असावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सात-आठ वर्षांपूर्वी मुलांच्या हट्टामुळे असेंबल करून घेतलेला गेमिंगचा संगणक आता अडखळू लागला आहे, त्यात भर घालायची की तो काढून टाकून नवा घ्यायचा, ही चर्चा सध्या ठाणे आणि नवी मुंबईतील बऱ्याच घरांत चालू असावी. मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरील एका कारखान्याच्या देखभाल विभागात २६ वर्षे नोकरी करतो. यंत्र अडले की आधी कोणता भाग अडतो आहे ते शोधायचे आणि त्यानंतरच खरेदीचा इंडेंट काढायचा, अशी आमच्याकडची रीत आहे. संगणकाच्या बाजारात ही पहिली पायरी सरसकट गाळली जाते, असे मला गेल्या तीन महिन्यांत दोन घरांमध्ये अनुभवायला मिळाले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पहिले घर माझेच, ऐरोलीतील. २०१८ च्या दिवाळीत घेतलेल्या आमच्या संगणकात एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि जीटीएक्स १०६० हे ६ जीबीचे ग्राफिक्स कार्ड आहे. मुलगी वास्तुशास्त्राचे शिक्षण घेत असून त्याच संगणकावर आराखडे करते आणि रात्री खेळते. चित्र मध्येच गोठते, ही तिची तक्रार होती. ठाणे स्थानकाजवळच्या एका दुकानात संगणक नेला, तेव्हा दुकानदाराने कॅबिनेटचे झाकणही न उघडता प्रोसेसर जुना झाला आहे, विंडोज ११ यावर चालणारच नाही आणि कार्ड कालबाह्य आहे, अशी तीन विधाने केली आणि १,१२,००० रुपयांचे कोटेशन हातात ठेवले. कोटेशनच्या तळाशी ‘जुना सेट: ३,५०० वजा’ एवढी एक ओळ होती.

यातले दुसरे विधान चुकीचे होते आणि तेच सर्वांत जास्त धाक घालणारे होते. विंडोज १० साठीचा मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि घरगुती ग्राहकांना दिलेली सुरक्षा अपडेटची मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, त्यामुळे पालक घाबरतात यात नवल नाही. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय लागते आणि प्रोसेसरही साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझनच्या २००० मालिकेचा, अथवा त्यानंतरचा लागतो. आमचा २६०० त्या यादीत आहे. संगणक ‘अपात्र’ दाखवत होता, कारण मदरबोर्डच्या बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) टीपीएमची सोय देणारा एफटीपीएम हा पर्याय बंद होता. तो चालू करायला मुलीला पाच मिनिटेही लागली नाहीत.

त्यानंतर आम्ही कॅबिनेट उघडले. खाडीकडून येणारा दमट वारा आणि रस्त्याची धूळ यांनी मिळून पुढच्या जाळीवर नमद्यासारखा करडा थर जमवला होता, इतका घट्ट की तो चिमटीत धरून एका तुकड्यात सोलून काढता आला. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. साफसफाईपूर्वी खेळताना प्रोसेसर ९१ अंशांपर्यंत तापत होता (या प्रोसेसरची मर्यादाच ९५ अंश आहे, म्हणजे तो जीव वाचवण्यासाठी आपला वेग कमी करत होता). नवी पेस्ट लावून पंखे पुसल्यावर तोच खेळ चालू असताना तापमान ७२ वर आले. हे काम दुकानात कोणीही पाऊण तासात करू शकले असते.

तरीही गोठणे पूर्ण थांबले नव्हते. खेळ चालू ठेवून विंडोजमधला टास्क मॅनेजर (कोणता भाग किती राबतो ते दाखवणारी खिडकी) उघडला, तेव्हा रॅम ९६ टक्के भरलेली दिसली आणि ग्राफिक्स कार्ड मात्र जेमतेम ६० टक्क्यांवर होते. अप्रचलित ठरवले गेलेले कार्ड बराच वेळ कामाची वाट पाहत बसले होते. कार्ड ९७-९८ टक्क्यांवर सतत राबत असेल तर अडथळा कार्डाचा असतो. ते रिकामे राहत असेल तर दोष प्रोसेसर, रॅम किंवा साठवणुकीत शोधावा लागतो. खेळाचे रिझोल्यूशन उतरवून पाहिले आणि तरीही दर सेकंदाच्या फ्रेम (चित्रे) वाढल्या नाहीत, तर कार्ड निर्दोष आहे असे समजायला हरकत नाही. या चाचणीला पैसा लागत नाही.

मी एका शनिवारी ऐरोलीहून ठाणे, ठाण्याहून दादर आणि तिथून ग्रँट रोड अशा तीन गाड्या करून लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात गेलो. आमच्या पट्टीला जुळणारी ८ जीबीची वापरलेली डीडीआर४ (रॅमचा एक प्रकार) पट्टी ३,२०० रुपयांना, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा वेगवान साठवणूक) ४,८०० ला आणि नवा एसएमपीएस (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) ४,६०० ला घेतला, ४०० रुपये पेस्ट आणि किरकोळ सामानाचे झाले. जुना एसएमपीएस चालू होता, तरी तोच मी सर्वांत आधी बदलला. त्यातले कपॅसिटर उष्णतेने वर्षागणिक थकतात आणि तो गेला तर कधी कधी एकटा जात नाही, मदरबोर्डही घेऊन जातो. एकूण खर्च १३,००० रुपये झाला. दोन पट्ट्यांमुळे रॅमची ये-जा दोन मार्गांनी सुरू झाली, खेळ हार्ड डिस्कवरून एसएसडीवर गेले, गोठणे थांबले आणि आता कार्ड ९८ टक्क्यांवर राबते.

दुसरे घर घोडबंदर रोडला राहणाऱ्या माझ्या बहिणीचे. तिथे नेमका उलटा प्रकार झाला. भाच्याचा संगणक आमच्यापेक्षा वर्षभर आधीचा, इंटेलच्या सातव्या पिढीचा आय५-७४०० आणि बी२५० मदरबोर्डचा. त्याला दुसऱ्या एका दुकानदाराने जुने जीटीएक्स १०५० टीआय काढून नवे आरटीएक्स ३०६० बसवायला लावले, आणि २७,००० रुपये खर्चूनही त्याच्या खेळांतले धक्के जसेच्या तसे राहिले. चार कोअर आणि चारच थ्रेड असलेला, म्हणजे एका वेळी चारच कामे हाताळणारा प्रोसेसर १०० टक्क्यांवर टेकलेला होता आणि नवे कार्ड रिकामे बसून होते. त्या बोर्डावर पुढच्या पिढीचा प्रोसेसर बसवायचीही सोय नव्हती. आठव्या पिढीचे प्रोसेसर दिसायला त्याच ११५१ पिनांच्या सॉकेटचे (प्रोसेसर बसवायच्या खाचेचे) असले, तरी त्यांना इंटेलने ३०० मालिकेचे बोर्ड सक्तीचे केले. विंडोज ११ च्या यादीतही सातव्या पिढीच्या या प्रोसेसरला जागा नाही. म्हणजे हा संगणक खरोखर बदलण्याच्या लायकीचा होता आणि त्याच्यावर नेमके भर घालण्याचे पैसे खर्च झाले. याउलट आमच्या एएम४ सॉकेटवर, बायोस अद्ययावत केल्यास, अनेक वर्षांनंतर आलेला रायझन ५ ५६०० देखील चालतो. (बायोस अद्ययावत करताना वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याची भीती असते, म्हणून ते यूपीएसवरच करावे.) एका वर्षाच्या अंतराने घेतलेल्या दोन संगणकांचे उत्तर इतके वेगळे निघते आणि ते वयावरून नव्हे, सॉकेटवरून ठरते.

भाच्यासाठी आम्ही बोर्ड आणि प्रोसेसर बदलले, मात्र डीडीआर४ रॅमवर चालणारे एएम४ चेच घेतले. कॅबिनेट, रॅम, एसएसडी आणि ते नवे कार्ड तसेच ठेवले. बाजाराची सध्याची अवस्था पाहता हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांकडे मेमरीचे उत्पादन वळल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धात रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचे जाहीर केले. एएम४ नंतरच्या एएम५ सॉकेटचा नवा संगणक केवळ डीडीआर५ या पुढच्या प्रकारच्या रॅमवर चालतो, त्यामुळे आज तो घेणे म्हणजे सर्वांत महाग भाग सर्वांत वाईट वेळी घेणे होय. घरातली जुनी डीडीआर४ पट्टी या दिवसांत भंगार नव्हे.

आमच्या कार्डाबद्दल मात्र ठाण्याच्या दुकानदाराचे म्हणणे अर्धे खरे होते, हे मान्य केले पाहिजे. जीटीएक्स १०६० २०१६ चे आहे. त्याची चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने त्या पिढीसाठी नव्या खेळांना अनुसरून ड्रायव्हर काढणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. २०२५ मधील ‘डूम: द डार्क एजेस’ सारखे खेळ रे ट्रेसिंगची (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याची) हार्डवेअर सोय नसलेल्या कार्डावर चालतच नाहीत. तेव्हा कार्ड बदलावे लागेलच. पण बदलताना वापरलेल्या कार्डांचा पर्याय पुढे आला, तर ते क्रिप्टोच्या मायनिंगला वर्षभर अहोरात्र राबलेले आहे का, हे विचारावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाने मायनिंगची पद्धत सोडल्यावर अशी कार्डे बाजारात मोठ्या संख्येने आली होती आणि त्यातली काही अजूनही हातोहात फिरत आहेत.

माझी सूचना संगणक विक्रेत्यांना आणि ग्राहक चळवळीतील संस्थांना आहे. नव्या संगणकाच्या कोटेशनमध्ये जुन्याचा कोणता भाग तपासला, त्यात काय आढळले आणि कोणते भाग पुढे वापरता येतील, हे तीन रकाने असावेत. तपासणीचे दोनशे-तीनशे रुपये घ्यावेत, त्याला कोणाची हरकत असणार नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, पण तिथली माहिती प्रामुख्याने तयार वस्तूंच्या कंपन्यांभोवती फिरते. असेंबल केलेल्या संगणकाला एकच उत्पादक नसतो, त्यामुळे ग्राहकासमोर उत्तरदायी असलेला माणूस म्हणजे त्याचा दुकानदारच. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि तरीही ‘जुना सेट’ म्हणून ३,५०० रुपयांत जमा झालेला संगणक पुढे कुठे जातो, ते ग्राहकाला कोणी सांगत नाही. आमचा तो ‘सेट’ सध्या मुलीच्या टेबलाखाली चालू आहे. कार्डाचा निर्णय मे महिन्यातील तिच्या परीक्षेनंतर घेऊ. आरटीएक्स ४०६० हे कार्ड घेतले तर त्याला ११५ वॅट लागतात, म्हणजे जुन्या कार्डापेक्षा ५ वॅट कमीच, तेव्हा एसएमपीएसवर आणखी काही खर्च करावा लागणार नाही.

आपला नम्र,
एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई